वायसरभर कोन

दीड मिलिमीटर जाडीचा एक वायसर घ्या. जुन्या पिकअपच्या दरवाजावर आरशाचं ब्रॅकेट बसवताना दोनपैकी एकाच बोल्टाखाली तो घाला. दोन बोल्टांत आठ सेंटिमीटर अंतर असेल, तर ब्रॅकेट साधारण एका अंशाने कलतं. एक अंश डोळ्याला जाणवतही नाही. पण आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट त्यावरून परतणारा किरण वळतो, म्हणजे एकाचे दोन अंश झाले. हे दोन अंश गाडीच्या मागे वीस मीटरवर पोचेपर्यंत पाऊण मीटर होतात. हिरो स्प्लेंडरचं हँडल जवळपास तेवढंच रुंद असतं. एका वायसरच्या हिशोबात अख्खी मोटरसायकल आरशात येते किंवा आरशातून जाते.

जुन्या गाडीचा फुटका आरसा बदलणं हे गॅरेजमधलं सगळ्यात किरकोळ काम मानलं जातं. इंजिन खोललं तर चार माणसं बघायला जमतात. आरसा लावताना कोणी मान वर करत नाही. पण ड्रायव्हरचा डोळा दरवाजाबाहेर काढून मागच्या रस्त्यावर रोखायचा हा उद्योग आहे, आणि त्याचा सगळा हिशोब मिलिमीटरमध्ये होतो. इथला मिलिमीटर तिथे मीटर होतो, हे एकदा डोक्यात बसलं की पाना हातात धरायची पद्धतच बदलते.

दोन रस्ते, एक आरसा

शहादा तालुक्यातलं म्हसावद हे या गमतीसाठी फार चांगलं ठिकाण आहे. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. दक्षिणेला तापीच्या खोऱ्यातली सपाट जमीन, तिच्यावर पपई, केळी, ऊस, कापूस. उत्तरेला धडगाव आणि तोरणमाळकडे चढत जाणारे रस्ते. तोरणमाळ तर हजार मीटरहून उंच. इथल्या पिकअपला कधी सपाटीवर शहाद्याकडे पळायचं असतं, तर कधी घाटात वळणावर रिव्हर्स घेऊन मागचं चाक कड्यापासून हातभर लांब ठेवायचं असतं. पहिल्या कामाला आरशात दूरचा आणि रुंद रस्ता हवा. दुसऱ्या कामाला स्वतःचं मागचं टायर दिसायला हवं. एकाच काचेकडून दोन्ही हवं असतं.

जुनी गाडी म्हणजे जीपच्या तोंडवळ्याची महिंद्रा, किंवा १९८८ साली आलेल्या टाटामोबाइल २०६ च्या घराण्यातली २०७. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे इथल्या खऱ्या जुन्या गाडीच्या पाटीवर एमएच ३९ नव्हे, धुळ्याचा एमएच १८ असतो. अशा गाडीत आतल्या आरशाचा उपयोग हौद्यात माल चढेपर्यंतच. पपईचे क्रेट रचून वर ताडपत्री बांधली की आतल्या आरशात फक्त ताडपत्री दिसते. मागच्या जगाची खबर मग बाहेरचे दोन आरसे देतात, नाहीतर मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत पत्र्यावर थाप मारणारा क्लीनर.

आरशावर आपला फारसा विश्वास नव्हता, याचा पुरावा ट्रकांच्या पाठीवरच रंगवलेला असे. ‘हॉर्न ओके प्लीज’ याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की मला मागचं दिसत नाही, तूच आवाज दे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांवर हे शब्द लिहायला बंदी घातली. एकेकाळी रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांना उजवीकडचा एकच आरसा असायचा. डावी बाजू देवाच्या भरवशावर.

शर्यत जिंकलेला आरसा

गाडी आणि आरसा यांची ओळख तशी उशिरा झाली. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्लिश मोटारचालक बाईने बायकांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात सल्ला होता की गाडीत हातआरसा जवळ ठेवावा, म्हणजे तो उचलून धरला की मागून येणारी गाडी दिसते. दोन वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. बाकीच्यांच्या गाडीत शेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागे कोण आलं ते सांगायचा. रे हॅरून एकटाच बसला होता. इतरांनी तक्रार केली, तेव्हा त्याने आपल्या मार्मन वास्प गाडीवर चार दांड्यांवर एक आरसा बसवला आणि ताशी सरासरी सुमारे १२० किलोमीटर वेगाने शर्यत जिंकली.

त्यातली खरी मजा पुढे आहे. हॅरूनने नंतर स्वतःच सांगितलं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा एवढा थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं. म्हणजे मोटारीच्या इतिहासातला सर्वात प्रसिद्ध आरसा बसवला गेला, पण लागला नाही. बसवणं आणि लागणं यांतलं अंतर आजही तेवढंच आहे.

सव्वादोन मिलिमीटरचा फुगवटा

आधी काच कोणती घ्यायची ते पाहू. आरसा फुटला की सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काचवाल्याकडून साधा सपाट आरसा त्याच मापाचा कापून घ्यायचा आणि जुन्या खोबणीत चिकटवायचा. दिसायला सारखंच दिसतं. पण मूळची काच बहुतेकदा सपाट नसते, किंचित बाहेर फुगलेली असते. शाळेत शिकलेला बहिर्वक्र आरसा तो हाच.

फुगवटा किती? मुख्य बाहेरच्या आरशाची वक्रतात्रिज्या निदान १२०० मिलिमीटर असावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या अशा काचेवर पोलादी पट्टी आडवी ठेवली, तर ती मधोमध टेकते आणि दोन्ही टोकांना सुमारे सव्वादोन मिलिमीटर फट राहते. दुकानात काच पारखायची सोपी रीत हीच: पट्टी ठेवा, ती डुलते का बघा.

आता या सव्वादोन मिलिमीटरची करामत. ड्रायव्हरचा डोळा उजव्या आरशापासून सत्तर सेंटिमीटरवर आहे असं धरू. पंधरा सेंटिमीटरची सपाट काच त्याला सुमारे १२ अंशांचा पट्टा दाखवते. तेवढीच फुगीर काच दाखवते सुमारे २६ अंश. वीस मीटर मागे सपाट आरशात साडेचार मीटरच्या आसपास रुंदी मावते, म्हणजे एक लेन आणि थोडा कडेचा मुरूम. फुगीर आरशात नऊ मीटरहून जास्त मावते. शंभर रुपये वाचवायला सपाट काच लावली की अर्ध्याहून जास्त रस्ता आरशातून निघून जातो, आणि तो गेलाय हे कळत नाही, कारण आरसा तर भरलेलाच दिसतो.

रुंदीची किंमत मात्र चुकवावी लागते. फुगीर आरसा अंतराबद्दल खोटं बोलतो. मागे दहा मीटरवर असलेल्या मोटरसायकलची प्रतिमा या आरशात काचेच्या मागे अवघ्या अर्ध्या मीटरच्या थोडी पुढे उभी असते, पण खूप आक्रसलेली. आपला मेंदू ओळखीच्या वस्तूच्या आकारावरून अंतर ताडतो. त्या हिशोबाने उजव्या आरशात ती मोटरसायकल बावीस मीटरवर असल्यासारखी वाटते. डाव्या आरशात तीच काच, तीच मोटरसायकल. पण तो आरसा ड्रायव्हरच्या डोळ्यापासून सव्वा-दीड मीटर लांब असतो, म्हणून तिथे ती तेहतीस मीटरवर असल्याचा भास होतो. सपाट आरशात हा फरक फारसा पडत नाही: उजवीकडे पावणेअकरा, डावीकडे सव्वाअकरा. डाव्या बाजूने घुसणाऱ्या दुचाकीचा अंदाज का चुकतो, त्याचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे. अमेरिकेत यावर तोडगा म्हणून कारच्या ड्रायव्हरकडचा आरसा सपाटच ठेवावा लागतो. फुगीर काच दुसऱ्या बाजूला चालते, पण वस्तू दिसते त्याहून जवळ आहे असा इशारा तिच्यावर कोरावा लागतो.

काचेला आरसा बनवणारा थर तर याहून विलक्षण. जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८३५ च्या सुमारास रासायनिक क्रियेने काचेवर चांदीचा थर चढवता येतो हे दाखवलं. त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. असा धातूचा थर साधारण शंभर नॅनोमीटर जाडीचा असतो. असे दहा हजार थर एकावर एक ठेवले तर एक मिलिमीटर होतो. थर काचेच्या मागे असला तर तो सुरक्षित राहतो, पण काचेचा पुढचा पृष्ठभागही सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो, म्हणून रात्री मागच्या हेडलाइटशेजारी तिचं फिकं भूत दिसतं. गाड्यांसाठी पुढच्या बाजूला क्रोमियम चढवलेल्या काचाही मिळतात. त्यांत भूत नाही आणि प्रकाश कमी परततो, म्हणून रात्री डोळे कमी दिपतात. नियमाला निदान चाळीस टक्के परावर्तन पुरतं. पण तो थर उघडा असतो. धुळीने भरलेली अशी काच कोरड्या फडक्याने घासली तर तो ओरखडतो. आधी पाणी, मग फडकं.

गंजलेला नट आणि पोकळ दरवाजा

आता जुना आरसा काढायचा. पंचवीस-तीस पावसाळे खाल्लेला नट पान्याला दाद देत नाही. मिस्तरी आधी त्यावर डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो; तेल आट्यांमधल्या फटीत आपोआप चढत जातं, त्याला वेळ लागतो एवढंच. तरी हलला नाही तर नट तापवतात. आठ मिलिमीटरचा पोलादी नट तीनशे अंशांनी तापला तर त्याचं भोक मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाने मोठं होतं. तेवढ्यानेही गंजाची पकड तुटते. धातू तापला की भोक बारीक होत नाही, मोठं होतं, हे पुष्कळांना पटत नाही. नट सुटला की पटतं. दरवाजाजवळ हा प्रयोग जपून करायचा, कारण आत रबर आहे आणि बाहेर रंग.

नवा आरसा कुठे बसवायचा याला दोन पर्याय. जीपच्या जातीच्या गाड्यांत दरवाजे काढता येत, म्हणून आरशाचा दांडा पुढच्या काचेच्या चौकटीला किंवा बिजागरीपाशी लावायची जुनी रीत आहे. तिथे लोखंड जाड असतं आणि दरवाजा आपटला तरी आरशाला हादरा बसत नाही. दुसरा पर्याय दरवाजाच्या पत्र्याचा. हा पत्रा एका मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि मागे पोकळी. त्यात नुसता बोल्ट आवळला तर पत्रा तव्यासारखा आतबाहेर करतो आणि त्याच्यासोबत आरसाही. म्हणून आतून जाड पट्टी लावायची, म्हणजे ओढ बोल्टाभोवतीच्या एका वर्तुळावर न येता तळहाताएवढ्या जागेवर पसरते.

नवं भोक पाडायचं असेल तर आधी दरवाजाची काच पूर्ण वर चढवा. खाली उतरवलेली काच त्याच पोकळीत असते, आणि ड्रिलचं टोक तिला टेकलं की आरशाच्या कामात दरवाजाची काच गेली. बोल्टही आखूडच घ्या, नाहीतर काच उतरताना त्याला घासेल. सेंटर पंचने खूण करा, बारीक ड्रिलने सुरुवात करा, भोकाची धार कानसीने मारा आणि उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड लावा. गंज सुरू होतो तो याच न दिसणाऱ्या कडेपासून. ब्रॅकेट आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग ठेवलं की पाणी अडतं आणि थरथरही थोडी गिळली जाते.

थरथर

हॅरूनच्या आरशाचा रोग समजून घ्यायचा तर चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आयडलिंगला ऐका. मिनिटाला आठशे फेऱ्या असतील तर सेकंदाला सुमारे सत्तावीस ठोके पडतात. प्रत्येक आरशाच्या दांड्याला स्वतःचा असा एक ताल असतो. टिचकी मारली तर ज्या तालावर तो कंप पावतो तो. हे दोन ताल जुळले की आरसा वेड्यासारखा हलतो आणि मागची गाडी धुक्याचा गोळा होते. ॲक्सिलरेटर दाबला, ठोके वाढले, ताल सुटला, की चित्र एकदम स्वच्छ. उभ्या गाडीत थरथरणारा आरसा चालू गाडीत शांत का होतो, त्याचं कारण हे.

आरशाने मालाच्या पलीकडचं दाखवायचं तर दांडा लांब हवा. कापसाची गाडी तर केबिनपेक्षा दोन्हीकडे फुगलेली असते. पण दांड्याची लांबी दुप्पट केली की त्याचा ताठपणा निम्मा होत नाही, आठपट घटतो. दांडा जाड केला की वजन वाढतं. म्हणून मोठ्या आरशांना वर आणि खाली अशा दोन दांड्यांचा त्रिकोण देतात. त्रिकोणाच्या बाजूची लांबी बदलल्याशिवाय त्याचा कोन बदलत नाही, हे भूमितीच्या वहीतलं सत्य इथे कामाला येतं.

आणि बोल्ट घट्ट आवळूनही सैल का होतात? बोल्ट आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. १९६९ मध्ये गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवलं की बोल्टाच्या दांड्याला आडव्या दिशेने बसणारे हादरे सर्वात घातक. भाग एकमेकांवर केसभर जरी सरकले, तरी आट्यांतलं घर्षण क्षणभर हरतं आणि नट आपणहून थोडा उलटा फिरतो. असे हजारो क्षण घाटाच्या एका फेरीत येतात. उपाय म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, किंवा एकावर एक आवळलेले दोन नट. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाना लावून बघणं हाही उपायच, आणि फुकटचा.

कोनाचा मालक

भारतात आरशाच्या दर्जाचं मानक एआयएस-००१ आहे आणि तो गाडीवर कसा बसवावा याचं वेगळं मानक एआयएस-००२. काच चांगली असणं आणि ती जागी असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे कागदावरही मान्य आहे.

आरशाचा कोन लावायला ज्याची गाडी त्यानेच सीटवर बसावं. मिस्तरीच्या उंचीवर लावलेला आरसा मिस्तरीला दिसतो. सीट रोजच्या जागी, पाठ टेकलेली, आणि जमलं तर हौद्यात माल. भरलेली गाडी मागून खाली बसते, तेव्हा आरसे थोडे जमिनीकडे बघू लागतात.

किती आत, किती बाहेर? जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, बहुतेक लोक आरशाचा मोठा भाग स्वतःच्याच गाडीची बाजू बघण्यात वाया घालवतात. त्याची रीत आपल्या उजव्या हाताच्या गाडीसाठी अशी होईल: उजवा आरसा लावताना डोकं खिडकीच्या काचेला टेकवा आणि गाडीची बाजू आरशात जेमतेम दिसेल एवढाच तो आत वळवा. डाव्यासाठी डोकं केबिनच्या मध्यावर न्या आणि तेच करा. सरळ बसलात की गाडी दिसेनाशी होते आणि शेजारची लेन उघडते.

पण ही रीत कारची आहे. तिच्यात आतला आरसा मागचा सरळ रस्ता सांभाळतो. ताडपत्रीखालच्या पिकअपला ती चैन नाही. तिला आरशाच्या आतल्या कडेला हौद्याची बाजू बोटभर दिसत राहायला हवी, कारण रिव्हर्स घेताना अंतर मोजायला तीच एक स्थिर खूण असते. सपाटीवर क्षितिज काचेच्या मध्याच्या थोडं वर ठेवावं. घाट चढायच्या आधी डावा आरसा किंचित खाली झुकवावा, म्हणजे मागचं टायर आणि रस्त्याची कड एकत्र दिसतात. कोपऱ्यात चिकटवायचा छोटा गोल आरसाही याच कामाचा: त्याचा फुगवटा जबर, म्हणून तो जवळचं सगळं दाखवतो. अंतर त्याला विचारू नये.

आता आरशाच्या जागी कॅमेरेही आले आहेत. जपानने २०१६ मध्ये आरशाविना गाड्यांना परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये तिथल्या लेक्सस ईएस गाडीवर ते बसलेही. हाच जपान १९८३ पर्यंत आरसे दरवाजावर लावू देत नव्हता, ते पुढच्या मडगार्डवर असावे लागत. कॅमेरा पावसात, अंधारात भारी असेल, पण त्याच्या पडद्यासमोर मान कितीही हलवा, चित्र तेच राहतं. आरशाचं तसं नाही. लेन बदलण्याआधी उजव्या आरशाकडे बघत दहा सेंटिमीटर पुढे झुका. वीस मीटर मागे जवळपास दोन मीटर रुंदीचा नवा रस्ता बाहेरच्या बाजूने काचेत सरकतो, एक मोटरसायकल सहज मावेल एवढा. वायर नको, बॅटरी नको. त्यासाठी दांडा हलता कामा नये, नट सुटता कामा नये आणि काच फुगीर हवी; एवढं झालं की उरलेलं काम मानेचं.